मागच्या सीटवर कोण बसणार?

पत्र: माझं वय ४२. बारा वर्षं पैसे बाजूला टाकत आलोय आणि आता कुठे पोर्शे ९११ आवाक्यात आलीय. घरात बायको, सात वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि गुडघेदुखीने बेजार आई. सध्याची मोठी गाडी विकल्याशिवाय ही घेता येणार नाही. "चार सीटा आहेत की!" असं मी म्हणतो. बायको म्हणते, "तुला घ्यायची तर घे, पण मला विचारू नकोस." तेव्हापासून घरात हा विषयच बंद आहे. अशी गाडी संसारात बसते का? की मी स्वार्थी आहे?
— स्टिअरिंगवेडा

प्रिय स्टिअरिंगवेडा,

स्वार्थी माणूस बारा वर्षं थांबत नाही, तेव्हा तो प्रश्न सोडून देऊ. पण तुमच्या हिशेबात एक चूक आहे आणि ती तुमच्या बायकोच्या आधीच लक्षात आलेली दिसते. ९११ मध्ये सीटा चार आहेत हे खरं, पण चार माणसांची जागा नाही. १९६३ मध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हापासून तिचं इंजिन मागे आहे. त्याच्या पुढे, उतरत्या छपराखाली जेवढी जागा उरली, तेवढ्यात मागच्या दोन सीटा बसवल्या आहेत. या रचनेला 'टू प्लस टू' म्हणतात. सरळ 'फोर' म्हणत नाहीत, ते उगाच नाही.

आधी धाकट्याचं बघू. त्याला अजून उलट्या तोंडाच्या, म्हणजे मागे तोंड करून बसायच्या, लहान मुलांच्या सीटवरच बसवायला हवं. आर१२९ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी किमान १५ महिने सांगितले आहेत. तो टप्पा त्याने ओलांडलाय, पण या वयात शरीराच्या मानाने डोकं जड आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली तर उलट्या सीटची अख्खी पाठ तो धक्का झेलते, म्हणून चौथ्या वर्षापर्यंत तसंच बसवलेलं बरं. आता ही सीट ९११ च्या मागे लावायची तर पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागते की तिथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. मुळात ती मागे बसेलच याचीही खात्री नाही. पुढे लावायची तर त्या बाजूची एअरबॅग बंद करावीच लागते, कारण फुगणारी एअरबॅग आदळते ती सीटच्या पाठीवर आणि बाळाचं डोकं त्याच पाठीला टेकलेलं असतं. एअरबॅग बंद करायची सोय आणि आयसोफिक्सचे (मुलांची सीट गाडीला अडकवायचे) हूक त्या विशिष्ट गाडीत आहेत का, हे विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर सोडू नका. गाडीच्या पुस्तिकेत बघा.

समजा, हे सगळं जमलं आणि धाकटा पुढे बसला. मग बायकोने बसायचं कुठे? मागे, मान वाकवून आणि गुडघे पोटाशी घेऊन. आईंचा तर विचारच नको.

"मुलं मोठी होतील ना!" हे तुमच्या मनात आलंच असेल. तो हिशेबही मांडू. अशा मागच्या सीटा मुलांना साधारण चार ते दहा वर्षं या वयात बऱ्या पडतात. धाकटा चार वर्षांचा होईल तेव्हा थोरली साडेनऊची असेल आणि साधारण सहा महिन्यांत तिचं डोकं छपराला लागायला लागेल. म्हणजे दोघं एकत्र मागे बसू शकतील असा काळ जेमतेम सहा महिन्यांचा. तेवढ्यातही मुलाला उंच बसवणारी, पाठ असलेली बूस्टर सीट मागच्या तिरक्या काचेला अडू शकते.

सामानासाठी पुढे साधारण १३० लिटरची जागा मिळते. विमानात हातात नेतो तशा दोन बॅगा त्यात मावतात, बाबागाडीचं सांगता येत नाही. मागच्या सीटच्या पाठी पाडल्या की सामान छान राहतं, पण मग तिथे मुलं नसतात.

खरा जाच मात्र रोजच्या चढ-उताराचा. दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात आणि शेजारी गाडी उभी असली की अर्धीच उघडतात. त्या फटीतून पुढची सीट पाडायची, दहा-बारा किलोचं मूल हातात धरून कमरेत वळायचं आणि वाकलेल्या पाठीने बक्कल लावायचं. दिवसातून चार वेळा. हे कोण करणार आहे? "मला विचारू नकोस" या वाक्यातला राग गाडीवर आहे असं मला वाटत नाही. तिला या कामाचे मानकरी आत्ताच दिसताहेत.

तेव्हा घरात ही एकच गाडी राहणार असेल, तर माझं उत्तर 'नको' असं आहे. पण वेगवान गाडीच नको असं मी म्हणत नाही. चार दारांच्या गाड्यांत तुमच्यासाठी बरंच काही आहे, फक्त माणसं मोजताना पाचवं विसरू नका. पोर्शेचीच पानामेरा २००९ पासून चार दारांत मिळते, पण तिची नेहमीची मांडणी चार सीटांची. फेरारीने २०२२ मध्ये चार दारांची पुरोसांग्वे आणली, तीही चारच जणांची. आणि तिच्यासाठी आणखी बारा वर्षं साठवत बसाल, ते निराळंच. तुमच्यासाठी बीएमडब्ल्यू एम३ टूरिंग किंवा ऑडी आरएस६ अव्हांट अशी लांब पाठीची (स्टेशन वॅगन) गाडी जास्त योग्य. दोन्हींत पाच सीटा आहेत, एम३ टूरिंगची डिकी ५०० लिटरची आहे आणि वेगाबद्दल तुमची तक्रार राहणार नाही. आई पुढे, मुलं मागे दोन्ही कडांना, मध्ये बायको. मधल्या जागेखाली, पाय ठेवायच्या ठिकाणी गाडीच्या तळाचा उंचवटा असतो आणि मुलांच्या सीटा प्रत्येकी ४४ सेंटिमीटरपर्यंत रुंद असतात. त्या लावल्यावर मध्ये काय उरतं ते टेपने मोजा.

आईंसाठी एक साधी परीक्षा आहे. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर आले, तर उठताना सगळा भार गुडघ्यांवरच येणार. त्यांना पाच वेळा चढ-उतार करायला लावा. एकदा केलं तर त्या तुमच्या हौसेखातर हसून "ठीक आहे" म्हणतील.

टायर निवडताना मन घट्ट करा. टायरवर लिहिलेलं २४५/३५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची २४५ मिलिमीटरच्या ३५ टक्के, जेमतेम ८६ मिलिमीटर. भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की ती भिंत रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटते, आतले दोरे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो. अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, असतो तो द्रव भरायचा डबा आणि छोटा पंप. त्याने तळव्यातलं लहान भोक बुजतं, बाजूची चीर नाही. म्हणून रिम एक-दोन इंच लहान मिळत असेल तर तीच घ्या. दिसायला थोडी कमी, पण रात्री मुलांना घेऊन गाडी ओढून नेणाऱ्या टो-व्हॅनची वाट बघायची वेळ कमी येईल. नाक वर उचलायची सोय मिळत असेल तर तीही घ्या. तिने पुढची बाजू साधारण ४ सेंटिमीटर उचलली जाते, तीही कमी वेगातच, पण गतिरोधक आणि उताराच्या तोंडाशी तेवढंच पुरतं.

आणि ९११ च? तिची हौस भागवायला ती विकतच घ्यायला हवी असं नाही. दोन-तीन दिवस भाड्याने घ्या आणि मनसोक्त चालवा. पुढे कधी मोठी गाडी न विकता दुसरी म्हणून आणता आली, तर माझी काहीच हरकत नाही. फक्त उभ्या उभ्या तिची बॅटरी उतरते, त्यामुळे जागेवर चार्जर लावायची सोय आधी करा.

आता बंद पडलेला विषय उघडायचा कसा? "तुला काय वाटतं?" असं विचारू नका, त्याचं उत्तर तिने दिलंय. "या गाडीमुळे तुझी कोणती कामं वाढतील?" असं विचारा आणि ती सांगेल ते कागदावर लिहा. मग शोरूममध्ये सगळे मिळून जा. मुलांच्या दोन्ही सीटा, बाबागाडी आणि टेप बरोबर न्या. टेस्ट ड्राइव्हला गाडी तिला चालवू द्या, आणि मागे मधल्या जागेत तुम्ही बसा.