डोंगरउतारावर प्लॉट पाडताय? आधी मातीचं बघा

जेसीबी बोलावण्याआधी उतार मोजून घ्या. महाराष्ट्रात १:५ किंवा त्याहून तीव्र, म्हणजे पाच मीटरला मीटरभर चढ असलेल्या डोंगरउतारावर बांधकाम सहसा मंजूर होत नाही. मुरूम-माती उचलायला महसूल खात्याची गौण खनिज परवानगी वेगळी लागते. एनए (जमीन बिगरशेती) झालं म्हणजे तीही मिळाली, असं समजू नका.

खोदकाम मेपर्यंत उरकाच. वरच्या अंगाला चर, खालच्या अंगाला गाळ बसायला खड्डा. पहिल्या वळवात स्वतः जाऊन खड्ड्यातून बाहेर पडणारं पाणी बघा. दुधाच्या चहासारखं गढूळ असेल, तर खड्डा अपुरा आहे. वरची सुपीक माती वेगळी रचून झाका, बागेला तीच लागेल. आणि ओढा बुजवू नका, अगदी कोरडा दिसला तरी. खालच्या शेतकऱ्याचं भातखाचर तुमच्या मुरुमानं भरतं.