हॉर्मोन घेतले तर मलाही आईसारखं होईल का?

प्रश्न: ताई, माझं वय 51. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. दिवसभर अंगातून वाफा येतात, रात्री घामाने उशी भिजते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. वर्गात शिकवताना रोजचेच शब्द ओठांवर येऊन अडतात. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी लिहून दिली आहे. पण हॉर्मोनमुळे स्मृतिभ्रंश दुपटीने होतो असा मेसेज मोठ्या जाऊबाईंनी पाठवला. माझी आई त्याच आजारात गेली. शेवटची चार वर्षं ती माझ्याकडे होती, मला ‘ओ बाई’ म्हणून हाक मारायची. चिठ्ठी कपाटात तशीच पडून आहे. हे म्हणतात, सगळ्याच बायकांना होतं, थोडे दिवस सहन कर. काय करू?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर: आईने ‘ओ बाई’ म्हणावं आणि लेकीने ओ द्यावी, हे तुम्ही चार वर्षं केलंत. त्यानंतर एखादा शब्द अडला तरी पोटात गोळा येणारच. तुमच्या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही. पण तो मेसेज ज्या बायकांबद्दल आहे, त्यांत तुम्ही बसत नाही.

‘दुप्पट’ हा आकडा अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातला, 2003 साली प्रसिद्ध झालेला. आकडा खरा आहे. त्यात 4,532 बायका होत्या आणि सगळ्या 65 किंवा त्याहून जास्त वयाच्या. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं उलटल्यावर त्यांना हॉर्मोन सुरू केले गेले. तेही पोटात घ्यायच्या गोळीतून: गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि सोबत प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हॉर्मोन. वर्षाला दर दहा हजार बायकांमागे तुलनेसाठी दिलेली खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्यांत 22 जणींना स्मृतिभ्रंश झाला, हॉर्मोन घेणाऱ्यांत 45 जणींना. त्या वयात नव्याने हॉर्मोन सुरू करू नयेत, हा धडा त्यातून मिळाला आणि तो आजही पाळला जातो. पण तीच भीती सरसकट पन्नाशीतल्या बायकांच्याही माथी मारली गेली, याचा मला मनापासून राग येतो. कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं झोपेविना काढली.

तुमच्या वयाच्या बायकांचा अभ्यासही झाला आहे. पाळी गेल्यावर तीन वर्षांच्या आत काहींना गोळी दिली, काहींना त्वचेवर लावायची इस्ट्रोजेनची पट्टी, सोबत नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन. चार वर्षं उपचार झाले. पुढे सुमारे दहा वर्षांनी त्यांची स्मरणशक्ती पुन्हा तपासली, त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. हॉर्मोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत फरक दिसला नाही. नुकसान नाही, तसा फायदाही नाही.

उलट बाजूही सांगते, म्हणजे उद्या कुणी दुसरा मेसेज पाठवला तर तुम्ही दचकणार नाही. डेन्मार्कमध्ये 2023 साली सरकारी नोंदींवरून केलेल्या अभ्यासात हॉर्मोन घेतलेल्या बायकांत स्मृतिभ्रंश सुमारे 24 टक्के जास्त आढळला, पंचावन्नच्या आत सुरू केलेल्यांतही. पण नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. ज्यांना वाफा आणि जागरणाचा त्रास जास्त, त्याच हॉर्मोन मागतात, आणि सततच्या जागरणाचा मेंदूशी स्वतंत्र संबंध असू शकतो. सगळं जमेस धरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2025 मध्ये या औषधांवरचा स्मृतिभ्रंशाचा ठळक इशारा काढायचं जाहीर केलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आईसारखं होऊ नये म्हणून हॉर्मोन घेऊ नका, ते त्यासाठीचं औषध नाही. आईसारखं होईल म्हणून नाकारूही नका. घ्यायचे ते वाफांसाठी आणि झोपेसाठी. त्यावर याहून परिणामकारक औषध नाही. शब्द अडणं या वयात पुष्कळ बायकांना होतं आणि बहुतेकींचं पुढे सुधारतं. मात्र रोजचा रस्ता चुकणं, व्यवहाराचा हिशेब न जमणं असं काही दिसलं तर वाट न बघता दाखवा.

डॉक्टरांना सगळं सांगितलंय ना? स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काहीही झालेलं असेल तर गणित बदलतं. तेव्हा हॉर्मोनविरहित गोळ्याही आहेत. जेलमुळे गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, म्हणून ती निवड मला बरी वाटते. प्रोजेस्टेरॉनची गोळी मात्र टाळू नका. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आईच्या आजाराची धास्ती कमी करायची तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तर कान दाखवा, रोज चाला. धोका कमी करण्याच्या बाबतीत या गोष्टींना खरा आधार आहे.

आणि यजमानांना पुढच्या भेटीला सोबत न्या. रात्री भिजलेली उशी तुम्ही एकट्याच उलटता, त्यांना ती दिसत नसेल. डॉक्टरांसमोर, त्यांच्या देखत, रात्रीचा त्रास जसा मला लिहिलात तसाच सांगा.