आजोबांचा तो सायकलवाला पिक्चर

प्रश्न : माझे आजोबा गिरणीत बदली कामगार होते. ते सांगायचे की मुंबईत एकदा देशोदेशीचे सिनेमे आले होते आणि त्यांनी सायकल चोरीला गेलेल्या माणसाचा इटालियन पिक्चर पाहिला होता. घरात कोणालाच पटत नाही, सगळे म्हणतात इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) तर गोव्यात असतो. खरं काय?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आजोबांच्या सांगण्यात काहीच खोटं वाटत नाही हो. इफ्फी गोव्याला गेला २००४ मध्ये, त्याचा जन्म मात्र आपल्या मुंबईतला. २४ जानेवारी १९५२ ला व्हीटीजवळच्या न्यू एम्पायर टॉकीजमध्ये पहिला फेस्टिवल सुरू झाला, सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने भरवला होता, २३ देश आले होते आणि मुंबईनंतर तोच फेस्टिवल मद्रास, दिल्ली, कलकत्त्यालाही गेला. आपल्याकडून शांतारामबापूंचा ‘अमर भूपाळी’ पण होता बरं का त्यात.

आणि तो पिक्चर म्हणजे ‘बायसिकल थीव्ज’. रोममधला एक बेकार माणूस, त्याला भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते पण अट अशी की स्वतःची सायकल पाहिजे, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. आता विचार करा, रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, आज बदली मिळते की तसंच घरी परत जायचं हे माहीत नाही, अशा माणसाला हा पिक्चर समजायला इटालियन यायची काय गरज? मला तर वाटतं आजोबांना तो आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळला असणार.

बिमल रॉयनीही त्या फेस्टिवलमध्ये तो बघितला आणि पुढच्याच वर्षी, १९५३ ला, ‘दो बिघा जमीन’ आला. जमीन वाचवायला शहरात येऊन रिक्षा ओढणारा शेतकरी आपल्या पडद्यावर आला तो असा. म्हणून फेस्टिवल म्हणजे शिकलेल्या लोकांचं काम असं कोणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

तसंही सिनेमा आपल्या भागात कधी लांब नव्हताच. लालबागचं भारतमाता थिएटर तर गिरणीला लागूनच. आमच्या चाळीत गणपतीत दोन खांबांना पांढरी चादर बांधून पिक्चर दाखवायचे, पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरं चादरीच्या मागे जाऊन बसायचो, तिथून नावं सगळी उलटी दिसायची आणि हिरो डावखुरा, तरी रीळ बदलेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. नंतर दुनियेतले सिनेमे मराठी माणसांना दाखवायचं काम १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीने किती वर्षं चिकाटीने केलं, त्याबद्दल एकदा सविस्तर लिहायचंय.

घरच्यांना पटवायचं असेल तर एका रविवारी सगळ्यांना पेडर रोडला घेऊन जा, ज्या फिल्म्स डिव्हिजनने तो फेस्टिवल भरवला त्यांच्याच आवारात आता सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आणि हो, आजोबांची ट्रंक अजून माळ्यावर असेल तर नीट बघा, त्या पिढीचे लोक तिकिटाची अर्धुकंसुद्धा जपून ठेवायचे. सापडलं तर फोटो काढून आम्हाला नक्की पाठवा.