किलोवॅट शेवटी, आधी गिरणी

प्रश्न : आमचा मित्रांचा गट भामरागडकडच्या वीज नसलेल्या ४० घरांच्या माडिया आदिवासी टोल्यावर (पाड्यावर) सौर यंत्रणा बसवणार आहे. किती किलोवॅटची घ्यावी?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : किलोवॅट शेवटी ठरवा. आधी ग्रामसभेत बसा, बायकांना बोलतं करा. बहुधा गिरणीच मागतील. घरटी ९ वॅटचे तीन दिवे पाच तास, म्हणजे साऱ्या टोल्याला साडेपाच युनिटही नाहीत. ३ एचपीची गिरणी तीनच तासांत पावणेसात खाते! ती भर उन्हात चालवा, बॅटरीवर नको. शिवाय मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, तो पेलणारा इन्व्हर्टर घ्या.

चांगल्या उन्हात किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात, म्हणून दिवे-गिरणीच्या बारा युनिटांसाठी लोक ३ किलोवॅटवर थांबतात. आणि श्रावणात? हिशोब निम्म्याने धरा, ६ घ्या. बॅटरी निदान दोन रात्रींच्या दिव्यांची. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, नागपूरहून मेकॅनिक पोचणार कसा? टोल्यातलीच दोन पोरं तयार करा, फ्यूज-वायर तिथेच ठेवा. (फीत कापायला सगळे जातात, पुढच्या वर्षी कोणी नाही.) बॅटरी बदलायची वर्गणी तेंदूपत्त्याचे पैसे हाती आल्यावरच गोळा करा. दरमहा मागाल तर मिळणार नाही.