मिर-२१ च्या मागे लागण्याआधी

अगं, मायक्रोआरएनएंच्या नावांची यादी पाठ करत बसू नकोस, आधी कारभार समजून घे. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा; मिर-२१ हा त्यातलाच एक. त्यातली २ ते ८ नंबरची अक्षरं एमआरएनएच्या (जनुकाचा प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या आरएनएच्या) शेपटाकडच्या भागाशी जुळली, की प्रथिन बनणं मंदावतं; कधी एमआरएनएच तुटतो. जठराच्या कर्करोगात मिर-२१ वाढतो आणि पीटेन या लगाम घालणाऱ्या जनुकाला दाबतो, मग पेशी मोकाट सुटतात. पण एकाच मायक्रोआरएनएची लक्ष्यं शेकड्यांनी! जुळणीची जागा बदलून लुसिफरेज चाचणी (जुळणी खरी आहे का ते प्रकाश कमी-जास्त होण्यावरून दाखवणारी) केल्याशिवाय ‘हेच लक्ष्य’ म्हणू नकोस.

आणि सोलापूरचा मे महिना... मायक्रोआरएनए मोजायला घेतलेल्या रक्ताची नळी डिकीत ठेवून फिरू नकोस. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) गुलाबी दिसलं तर टाकून दे. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातला मिर-४५१ सीरममध्ये उसळतो आणि मोजमाप बिघडतं. माझे तीन आठवडे त्यातच गेले.