अमेरिकेतल्या 'रॅपिड री-हाउसिंग'मुळे बेघर कुटुंबं खरंच कमी होतात का?

काही अंशी. कल्पना साधी आहे: कुटुंबाला महिनोन्‌महिने निवाऱ्यात न ठेवता लवकरात लवकर भाड्याचं घर मिळवून द्यायचं. घर शोधायला, घरमालकाशी बोलायला मदत, डिपॉझिट आणि काही महिन्यांचं भाडं. आधी नोकरी मिळवा, व्यसन सोडा, मग घर, अशी अट नाही. २००९ मध्ये मंदीच्या पॅकेजातून यासाठी आणि बेघर होणं टाळण्यासाठी मिळून दीड अब्ज डॉलर दिले गेले, तेव्हापासून ही योजना देशभर पसरली.

पण खरी मेख भाड्यात आहे. मदत तात्पुरती, भाडं मात्र कायमचं! अमेरिकी सरकारच्या 'फॅमिली ऑप्शन्स' अभ्यासात १२ ठिकाणची २,२८२ कुटुंबं होती. त्यात रॅपिड री-हाउसिंगवाली कुटुंबं नेहमीच्या निवारा-व्यवस्थेतल्यांपेक्षा फारशी स्थिरावलेली दिसली नाहीत. खर्च तेवढा कमी आला. सरस ठरलं ते दीर्घकाळ भाडं भरायला मदत करणारं व्हाउचर, पण ते मिळायला रांग केवढी!

म्हणून माझं मत: नोकरी गेली, घटस्फोट झाला, अशा तात्पुरत्या अडचणीतल्या कुटुंबाला ही योजना चांगली. पगारच भाड्याला पुरत नसेल तर मदत थांबल्यावर पुन्हा तेच.