खेळावरचं जगातलं पहिलं पोस्टाचं तिकीट कोणतं?

खेळावरची पहिली तिकिटं ग्रीसने काढली, 1896 ला, अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकच्या वेळी. एकच नाही हं, तब्बल 12 तिकिटांचा सेट होता, 1 लेप्टनपासून 10 द्राख्मापर्यंत (हे ग्रीसचं तेव्हाचं चलन, एकापेक्षा जास्त लेप्टन म्हणजे लेप्टा).

यामागचं कारण मला सगळ्यात भारी वाटतं. ग्रीस सरकारकडे तेव्हा पैसाच नव्हता, 1893 ला देशाचं दिवाळं निघालेलं, मग स्टेडियम वगैरेचा खर्च भागवायला ही पोस्टाची तिकिटं विकून पैसे उभे करायचे असं ठरलं आणि त्या पैशाने खरंच हातभार लागला.

आणि गंमत बघा, 12 पैकी एकावरही त्या काळचा खेळाडू नाही, सगळं प्राचीन ग्रीसमधलं! 1 लेप्टनचं तिकीट भिंगातून बघा, दोन बॉक्सर समोरासमोर भिडलेत, 5 आणि 10 लेप्टावर मायरन या प्राचीन ग्रीक शिल्पकाराने घडवलेला थाळीफेक करणाऱ्याचा प्रसिद्ध पुतळा, कमरेत वाकलेला, हात मागे ताणलेला. एवढ्याशा कागदावर इतकं बारीक कोरीवकाम, मी तर कितीतरी वेळ बघत बसतो.

आपल्याकडे 1951 ला दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धांसाठी 2 आणे आणि 12 आण्यांची तिकिटं निघाली, त्यावर मशाल आणि आशियाचा नकाशा आहे. कलेक्शन सुरू करायचं असेल तर त्यातल्या 2 आणेवाल्यापासून करा.